आनातोलने हलवलेला एप्रन

ज्या शर्यतीपायी आनातोल लोशेचं नाव खराब झालं, त्या शर्यतीची सुरुवात त्याने कधी पाहिली नव्हती आणि शेवटही नाही. जूनमध्ये जगभरातून माणसं ल माँला लोटतात, स्टँडमध्ये जागा धरतात, शनिवारी चार वाजता गाड्या सुटताना बघतात आणि रविवारी चार वाजता उरल्यासुरल्या गाड्या परत येताना बघतात. आनातोल इथलाच, जन्म इथला, लग्न इथलं, आणि त्याच्या वाट्याला आलं म्युलसानचं वळण. तिथे शर्यतीचा लांबलचक सरळ रस्ता संपतो. वाऱ्यासारख्या आलेल्या गाड्या तिथे ब्रेक लावून जवळजवळ चालायच्या वेगावर येतात, उजवीकडे वळतात आणि पुन्हा सुटतात. वळण संपलं की कठड्यामागे खुणावाल्यांची रांग. पिटसमोर, म्हणजे गाड्या दुरुस्तीला आणि पेट्रोलला थांबतात तिथे, तेव्हा इतकी झुंबड असायची की तिथून पाटी दाखवणं धोक्याचं, म्हणून प्रत्येक संघाचा एक माणूस इथे, सगळ्यांपासून लांब, हातात पाटी आणि मागे दांडा फिरवायचा टेलिफोन घेऊन उभा असायचा. पिटमधून निरोप आला की तो पाटीवर लिहायचा आणि आपली गाडी आली की पाटी धरायचा. पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र एवढंच काम.

त्याला हे काम मिळालं ते अक्षरामुळे. आनातोल डुकराच्या मांसाचा दुकानदार. त्याच्याकडचं रियेत, म्हणजे डुकराच्याच चरबीत दिवसभर मंद आचेवर रटरटवलेलं मांस, घ्यायला लोक शेजारच्या तीन गावांतून यायचे. दुकानाबाहेर काळी पाटी असायची आणि तिच्यावर खडूने आजचा माल. असं टपोरं, गोल, घरंदाज अक्षर की चौकाच्या पलीकडून म्हातारीने चष्म्याशिवाय वाचावं. त्याचा मेहुणा ओक्ताव गानिये एकदा म्हणाला, "तुझी पाटी मला पळत्या गाडीतून वाचता आली. चल, तुला कामाला लावतो." झालं. तेव्हापासून जूनमधल्या त्या शनिवारी दुकान बंद आणि आनातोल म्युलसानच्या वळणावर, दुकानातलाच पांढरा एप्रन लावून. बाकीचे खुणावाले हसायचे. आनातोल म्हणायचा, "याला खिसे मोठे आहेत." त्या खिशांत खडू, फडकं आणि पावात दाबून भरलेलं रियेत असायचं, त्यामुळे हसणारे दुपारनंतर त्याच्याशी फार गोड वागायचे.

ओक्तावबद्दल सांगायला हवं. गावात त्याचं गॅरेज होतं. दिवसा तो लोकांचे ट्रॅक्टर आणि व्हॅन दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात शर्यतीची गाडी बांधायचा. उघडी, बुटकी, निळी गाडी. चेसिस स्वतः जोडलेली, इंजिन कुणा हौशी माणसाने कंटाळून विकलेलं. मोठ्या कंपन्यांचे संघ ट्रकच्या ट्रक भरून सुटे भाग आणायचे, ओक्तावचं सामान यायचं घोडा न्यायच्या ट्रेलरमधून, आणि त्याला घोड्याचा वास यायचा. संघ म्हणजे घरचाच कारभार. ओक्ताव चालक, दुसरा चालक तूर शहरातला एक दातांचा डॉक्टर, ब्रुनो नावाचा. पिटमध्ये स्टॉपवॉच घेऊन ओक्तावची बहीण सोलांज, म्हणजे आनातोलची बायको. आणि वळणावर आनातोल.

ही गाडी कधीच शेवटपर्यंत पोचली नाही. एका वर्षी गिअरबॉक्स, एका वर्षी आग, एका वर्षी डॉक्टरसाहेबांनी ती वाळूत नेऊन रुतवली. निकालात ओक्तावच्या नावापुढे दर वर्षी एकच शब्द छापून यायचा, 'सोडली'. त्या शब्दाचा त्याला भयंकर राग. "मी कधी सोडली?" तो दारू पिताना म्हणायचा. "तिनेच मला सोडलं दर वेळी. हे छापा की." लोक हसायचे, तोही हसायचा, पण तो शब्द त्याच्या मनात घर करून बसला होता. एवढी वर्षं, एवढी मेहनत, बायको याच पायी सोडून गेली, आणि शेवटी कागदावर हे.

मग एका हिवाळ्यात, एका सकाळी ओक्ताव दुकानात आला आणि म्हणाला, "आज काय आहे?"

पाटी त्याच्या नाकासमोर होती. आनातोलने फडक्याने ती पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गाढव'. "वाच."

ओक्तावने मान तिरकी केली, कोंबडी बघते तशी, एका डोळ्याच्या कडेने. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "सॉसेज?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आनातोलने दाराची कडी लावली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. मधोमध धुकं आहे. कडेचं दिसतं. रंग दिसतो, हललेलं दिसतं. रस्ता दिसतो की, रस्ता काय मोठा असतो."

"आणि लायसन्सची तपासणी? तो अक्षरांचा तक्ता?"

"पाठ आहे," ओक्ताव म्हणाला, आणि लहानपणी कविता म्हणतात तसा त्याने तो तक्ता वरून खालपर्यंत म्हणून दाखवला.

आनातोलला हसू आलं नाही. त्या सरळ रस्त्यावर मोठ्या संघांच्या गाड्या मागून येतात तेव्हा नुसता आवाज येतो, वळून बघेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असतात. ओक्ताव मरेल याची त्याला भीती वाटली, आणि ओक्ताव दुसऱ्या कुणाला तरी मारेल याची त्याहून जास्त. तो म्हणाला, "मी सोलांजला सांगतो."

"सांग. मग ती रडेल, मी तिला शब्द देईन, आणि शब्द मोडून जाईन. तुला माहीत आहे मी कसा आहे ते." ओक्ताव काउंटरवर ओणवा झाला. "ऐक, मेहुण्या. एकदा. एकदा मला ती रेषा ओलांडू दे. नाव निकालात आलं ना, की त्याच संध्याकाळी लायसन्स तुझ्या चुलीत घालीन. तुझ्या हाताने घाल हवं तर. पण 'सोडली' वर मला संपवू नकोस."

आनातोलने होकार दिला. चूक केली म्हणा, पण त्याचा हिशेब साधा होता. नाही म्हटलं तरी हा चालवणारच, वर्षानुवर्षं, डोळे पार जाईपर्यंत. हो म्हटलं तर एकदाच, आणि तेही आपल्या नजरेखाली. गाडी शेवटपर्यंत पोचली की हा माणूस वाचला. नाही पोचली तर नाही वाचला. इतकं सरळ होतं ते.

पाटी ओक्तावला वाचता येणार नव्हती, म्हणून दोघांनी एप्रनची खूण ठरवली. पाटी डॉक्टरसाठी, एप्रन ओक्तावसाठी. अंगावर एप्रन असला तर सगळं ठीक, चालू दे. एप्रन काढलेला, नुसता काळा शर्ट दिसला तर हळू हो. आणि एप्रन हातात धरून हलवला तर दाब, जोरात जा. पांढरा रंग आणि हालचाल, एवढंच त्याला त्या वळणावर टिपता येत होतं. हे तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि कुणाला सांगितलंही नाही. त्या वर्षी आनातोल सारखा एप्रन काढघाल करताना बघून शेजारचे म्हणाले, बिचाऱ्याला उकडतंय.

गाडी पहाटेपर्यंत अशी चालली की पिटमध्ये सगळे एकमेकांकडे बघायलाही घाबरत होते. उजाडल्यावर हेड गॅस्केट गेलं. पाणी राहीना, पांढरा धूर यायला लागला. पण तोवर त्यांच्या इतक्या फेऱ्या झाल्या होत्या की निकालात बसायला पुरेशा होत्या. आता नियमाची एकच अट उरली. चार वाजून गेल्यावर गाडीने स्वतःच्या जोरावर रेषा ओलांडली पाहिजे. चारच्या आधी ओलांडून उपयोग नाही, आधी ओलांडली तर आणखी एक पूर्ण फेरी मारायची. आजारी गाड्यांचं यावर एक जुनंच औषध आहे. सकाळभर पिटमध्ये झाकून ठेवायची, आणि अगदी शेवटी, एका फेरीपुरतं बाहेर काढायची, हलक्या हाताने, म्हाताऱ्या माणसाला चर्चला नेतात तशी. ती एक फेरी या इंजिनात होती. दोन नव्हत्या.

म्युलसानला हे सगळं टेलिफोनवर कळत होतं. दुपारी सोलांजचा फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता. "सोडतोय त्याला. शेवटची फेरी. आनातोल, मला देवाची भीती वाटते."

"देवाला दुसरी कामं नाहीत का," आनातोल म्हणाला.

जरा वेळाने पुन्हा घंटा. आता ती ओरडत होती. "जोरात चाललाय तो. इंजिन बरं वाटलं असेल, गाढव हुरळलाय. असाच आला तर चारच्या आधी पोचेल. हळू कर त्याला. काय वाट्टेल ते कर, पण हळू कर."

आनातोलने एप्रन काढला, त्याचा बोळा करून पायाखाली टाकला आणि काळ्या शर्टात कठड्याला लागून उभा राहिला. तेवढ्याने भागलं असतं. निळी गाडी वळणावर आली, धुराचा शेपटा घेऊन. ओक्तावचं डोकं त्याच्या बाजूला तिरकं झालेलं त्याला दिसलं. काळा शर्ट. बघ, काळा शर्ट. हळू.

आनातोलच्या पलीकडे, चार पावलांवर, झेंडेवाल्यांची चौकी होती. तिथला प्रमुख म्हातारा लप्रू. लप्रूने ओक्तावला लंगोटात पाहिलेलं. आमच्याकडे पद्धत आहे, शेवटच्या फेरीला झेंडेवाले आपले सगळे झेंडे घेऊन बाहेर येतात आणि पोचलेल्या गाड्यांना हलवून निरोप देतात. ते खरं तर चार वाजल्यानंतर, पहिला आलेला शेवटची चक्कर मारतो तेव्हा. पण आपल्या गावची गाडी, पहिल्यांदाच शेवटापर्यंत आलेली, समोरून जातेय म्हटल्यावर म्हाताऱ्याला राहवेना. हाताला लागला तो झेंडा त्याने उचलला आणि डोक्यावर धरून हलवला, दोन्ही हातांनी, वेड्यासारखा. झेंडा पांढरा होता.

ओक्तावने गाडी दाबली.

ती पुढच्या आर्नाजच्या वळणाकडे गेली ती अशी की लप्रू टाळ्या पिटायला लागला. "बघ, बघ कसा जातोय आपला पोरगा." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आनातोल त्याच्याकडे बघत राहिला. त्याला ओरडावंसंही वाटलं नाही.

टेलिफोन वाजला तेव्हा त्याला माहीतच होतं. सोलांज म्हणाली, "गेला पुढे. अजून चार वाजायचे होते. शर्यत संपल्याचा झेंडा दाखवणाऱ्या माणसाच्या काखेतच झेंडा गुंडाळलेला होता, मी हात हलवत होते, ओरडत होते, ओक्तावने माझ्याकडे बघून हात हलवला. हसत होता, आनातोल. त्याला वाटतंय झालं." मग तिचा श्वास ऐकू आला. "त्याला थांबू देऊ नकोस. कसंही करून फिरवून आण. थांबला तर संपलं."

तेव्हा आनातोलने जमिनीवरचा एप्रन उचलला. आणि गाडी सरळ रस्त्यावरून येताना दिसली, फार हळू, खोकत, तेव्हा त्याने तो खरोखर हलवला. कठड्यावर चढून हलवला. थांबू नकोस, जा, जा. त्याला तसं करताना चौकीवरच्या सगळ्यांनी पाहिलं, शेजारच्या खुणावाल्यांनी पाहिलं, झाडीत पोर्क चॉप भाजत बसलेल्या प्रेक्षकांनीही पाहिलं. पुढे ते सगळे साक्षीदार झाले.

ओक्तावने पांढरं हललेलं पाहिलं आणि त्याला वाटलं मेहुणा नाचतोय. त्याने गाडी कडेला घेतली, अगदी आनातोलसमोर, आणि स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. शिरस्त्राण काढलं. त्याचा चेहरा काळा, मधोमध चष्म्याच्या जागी पांढरा, आणि असा आनंद त्या चेहऱ्यावर की आनातोलने पुढे कित्येक रात्री तो आठवून उशीत तोंड खुपसलं.

"कशाला बिचारीला आणखी पिदडायचं," ओक्ताव म्हणाला. "केलं तिने आपलं काम. इथून चालत जाऊ आपण. वाईन आहे का रे? तू आणतोस ना दर वर्षी?"

"ओक्ताव. चालू कर तिला."

"अरे झालं आता."

"नाही झालं. चारच्या आधी गेलास तू. अजून एक फेरी आहे. बस आत, चालू कर."

त्या चेहऱ्यावरचं एकेक जाताना आनातोलला दिसलं. आधी हसू थांबलं, मग तोंड उघडं राहिलं. ओक्ताव गाडीत पडलाच जवळजवळ. स्टार्टर घरघरला. घरघरला, आणि इंजिनाने एकदा खोकून पाणी ओकलं. पुन्हा घरघर. गिअरमध्ये टाकून त्याने नुसत्या स्टार्टरवर ती हलवायचा प्रयत्न केला. गाडी हातभर सरकली, आणखी हातभर, मग बॅटरीही बसली. तो उतरला, खांदा लावला. निळी गाडी हलेना. आनातोल कठड्याच्या या बाजूला, मध्ये जेमतेम कमरेइतकं लोखंड. हात लावला तर बाद, हा नियम. त्याचे हात त्या लोखंडावर होते आणि दुसऱ्या माणसाचे असावेत तसे त्याला दिसत होते.  दूर कुठेतरी, पिटच्या बाजूला, भोंगे वाजायला लागले. चार वाजले होते.

बऱ्याच वेळाने ओक्तावने खांदा काढला. त्याने आनातोलकडे मान तिरकी करून बघितलं.

"तू एप्रन हलवलास. त्या आधीच्या वेळी. मला दिसलं. तू जोरात जा म्हणून हलवलास."

लप्रू दोन पावलांवर होता, पांढरा झेंडा हातात, डोळे लाल. त्याच्या मागे चौकीवरची सहा-सात माणसं. सगळे ऐकत होते. नाही रे, तो मी नव्हतो, तुला माझ्यात आणि लप्रूत फरक दिसला नाही, असं आनातोलला म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर ओक्तावचं सगळं त्या रस्त्यावर उघडं पडलं असतं, ज्या क्षणी त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं त्याच क्षणी. आणि म्हातारा लप्रू त्या रात्री झोपला नसता, कदाचित पुन्हा कधीच. आनातोल जन्मभर गिऱ्हाइकाला तुटलेला तुकडा द्यायलाही लाजणारा माणूस.

"हो," तो म्हणाला. "हलवला. निरोप उलटा ऐकला मी."

 शिरस्त्राण गाडीत टाकून ओक्ताव रस्त्याच्या कडेने चालायला लागला. निकालात त्याच्या नावापुढे छापून आलं ते नेहमीचंच.

त्यानंतर गाव आनातोलशी वाईट वागलं नाही, हे सांगायला हवं. दुकान चालू होतं, लोक येत होते. नुसतं एखादा म्हणायचा, "पाव किलो द्या, आणि निरोप नीट ऐकलात ना?" सगळे हसायचे, आनातोलही हसत तोलून द्यायचा. घरात सोलांज मात्र हसत नव्हती. ती एकदाच म्हणाली, "मी हळू म्हटलं होतं. फोनवर माझा आवाज स्वच्छ होता." त्याने बशीकडे बघत मान हलवली. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि पलंगावर त्याच्याकडे पाठ करून झोपायला लागली. त्याने स्वतःची समजूत घातली की दिवस जातील, आणि त्या वर्षाने निदान ओक्तावची हौस तरी फिटली असेल. मोडून पडलेला माणूस पुन्हा गाडी बांधत नाही, असं त्याला वाटत होतं.

सप्टेंबरात एका रविवारी ओक्ताव जेवायला आला. जूननंतर पहिल्यांदाच. हातात जानियेरच्या वाइनची बाटली, दाढी केलेली. कोंबडी संपेपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलला, आणि चीज आल्यावर त्याने आनातोलच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐक. मी तुला माफ केलं. मोकळ्या मनाने. माणूस आहे, ऐकण्यात चूक होते. सोलांज, तूही आता सोड."

सोलांजच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरं सांगू? उलट बरंच झालं," ओक्ताव म्हणाला. "मी उन्हाळाभर विचार केला. मला डोळ्यांची धास्ती बसली होती. पण बघा ना, त्या वेगात, त्या धुरात, मला एप्रन बरोब्बर दिसला. हलला तो दिसला. मी केलं ते खुणेप्रमाणे केलं. माझे डोळे चुकले नाहीत, आनातोल, तुझे कान चुकले." तो हसला, प्रेमाने. "पुढच्या वर्षीची नोंदणी करून आलोय. पुन्हा तूच खुणेला. दुसरा कुणी नको."

 आपण त्या वळणावर काय करून बसलो ते आनातोलला तेव्हा कळलं, जेवणाच्या टेबलावर.

"तो मी नव्हतो," तो म्हणाला. "एप्रन माझ्या पायाशी होता. लप्रूने पांढरा झेंडा हलवला, तुझ्या कौतुकाने. तुला तो मी वाटलो. तुला दिसत नाही, ओक्ताव. तेव्हाही दिसलं नाही."

 ओक्तावने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मी माफ केलं तुला," तो हळू म्हणाला. "आणि तू स्वतःची चूक माझ्या डोळ्यांवर ढकलतोस? म्हाताऱ्या लप्रूवर ढकलतोस?"

"लप्रूला विचार."

"काय विचारू? सगळ्यांनी पाहिलं तुला. कठड्यावर चढून हलवत होतास. अख्ख्या म्युलसानने पाहिलं."

"ते नंतरचं. ते दुसऱ्या वेळी."

"पुरे," सोलांज म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, किळस होती. "तेव्हा हो म्हणालास ना? सगळ्यांसमोर? मग आता पुरे कर. आणि हे डोळ्यांचं काय चाललंय तुम्हा दोघांचं?"

"डोळ्यांचं काही नाही," ओक्ताव म्हणाला. "चष्मा लागलाय जरासा." आणि त्याने तिच्यासमोर वाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचून दाखवलं. बाटली त्यानेच आणली होती.

नंतर आनातोल लप्रूकडेही गेला, पण तोवर म्हातारा अंथरुणाला लागला होता आणि त्याला जून आठवत होता तो फक्त एवढाच, की आपल्या पोराने शेवटची फेरी काय झोकात मारली. वसंतात आनातोल लायसन्स देणाऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन त्याने सगळं सांगितलं, धुकं, तक्ता, एप्रन. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी स्वतः तपासलंय त्यांना. घडाघडा वाचतात."

"पाठ आहे त्याला, डॉक्टरसाहेब."

"मस्यू लोशे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कीव होती, "तुम्ही त्या दिवशी सगळ्यांदेखत चूक कबूल केलीत. फार कमी लोकांना जमतं. मी घरी मुलांना सांगितलं होतं तुमच्याबद्दल. आता ती परत घेऊ नका."

आनातोल उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याला वाटलं परत फिरावं, टेबलावर मूठ आपटावी. तसं त्याने जन्मात केलेलं नव्हतं. त्याने दार हळू ओढून घेतलं.

न जाण्याचाही विचार त्याने केला. पण मग वळणावर कोण? तिथे निदान काळा शर्ट दाखवायला तरी कुणी हवं. जूनमधल्या त्या शनिवारी त्याने दुकान बंद केलं, धुतलेला एप्रन बांधला आणि म्युलसानला गेला. ऊन स्वच्छ होतं. शेजारी त्या वर्षी एका स्विस संघाचा खुणावाला होता, धूळ बसू नये म्हणून लांब पांढरा डगला घातलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. चार वाजले. लांबून, झाडांच्या पलीकडून, गाड्या सुटल्याचा तो आवाज आला, दर वर्षीचा, जमिनीतून पायात चढणारा.

आधी मोठ्या संघांच्या गाड्या गेल्या, एकामागून एक. मग बाकीच्या. निळी गाडी जवळजवळ शेवटी आली. ओक्तावने नीट ब्रेक लावला, नीट वळला. आनातोल कठड्याला लागून ताठ उभा राहिला, एप्रन छातीवर सरळ केलेला. गाडी समोरून जाताना ओक्तावने मान तिरकी केली, हसला आणि सलाम ठोकावा तसा हात वर केला. त्या स्विस माणसाकडे बघून.

तो भांबावला, पण त्यानेही सभ्यपणे हात वर केला. गाडी लांब गेल्यावर त्याने आनातोलला विचारलं, "हा मला ओळखतो का?"

"माझा मेहुणा आहे," आनातोल म्हणाला.

ती पहिलीच फेरी होती.